चौदा नियमांतले 'वाहन' आणि माझी विजेची स्कूटर



यंदा चातुर्मासात एके दिवशी व्याख्यान संपल्यावर साध्वीजींनी विचारले, "चौदा नियम रोज कोण कोण घेतं?" बरेच हात वर गेले, माझाही गेला. मग त्या एकेकीला विचारत गेल्या. द्रव्य किती, विगई कोणती सोडली, दिशा किती. 'वाहन' आल्यावर बहुतेकींचे उत्तर ठरलेले होते, "एक" किंवा "दोन". माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "दोन. एक रिक्षा आणि एक माझी गाडी." साध्वीजींनी हसून विचारले, "गाडी चालवणार कोण?" मी म्हणाले, "मीच." मागच्या ओळीतल्या दोघी-तिघी वाकून बघायला लागल्या. माझे वय बासष्ट, एक गुडघा दुखरा, आणि मी बीडच्या रस्त्यांवर विजेची स्कूटर चालवते, हे त्यांना नवीनच होते.

घरी येताना सासूबाईंची आठवण आली. त्या चाळीस वर्षे चौदा नियम घेत होत्या. त्यांचे 'वाहन' नेहमी एक. पुष्कळदा तर शून्यच. त्यांची तपश्चर्या मोठी होती, त्याबद्दल मी एक अक्षर वावगे बोलणार नाही. पण त्या दिवशी मनात आले, त्यांच्या हातात वाहन होते कुठे? कुठे जायचे, कधी जायचे, कोण नेणार, हे सगळे दुसरे ठरवत. जे कधी आपले नव्हतेच, त्याची मर्यादा बाई काय घालणार? तेव्हापासून हा विषय डोक्यात होता. बाईच्या हातात गाडी आली कशी आणि यायला इतका उशीर का लागला? मी कॉमर्सची. इतिहास शिकलेले नाही, पण जमाखर्च जुळेपर्यंत मला झोप लागत नाही.

सुरुवात इटलीपासून करावी लागेल. दुसऱ्या महायुद्धात पियाजिओ कंपनीचा विमानांचा कारखाना उद्ध्वस्त झाला. युद्ध संपले, विमाने कुणाला नको होती. तेव्हा कंपनीने कोर्रादिनो द'अस्कानिओ या विमान-इंजिनिअरला स्वस्त दुचाकी करायला सांगितले. या गृहस्थाला मोटरसायकल आवडतच नसे. टांग टाकून बसावे लागते, कपड्यांना तेल लागते, पंक्चर झाले की चाक काढायचे हाल. म्हणून त्याने गाडी मधून मोकळी ठेवली, पुढे पत्र्याची ढाल दिली, इंजिन झाकून टाकले. १९४६ ची व्हेस्पा ती हीच. झगा घातलेल्या बाईला बसता यावे हा विचार त्या आकारात पहिल्यापासून होता. झगा घालून बसता येते तर साडी नेसूनही येतेच की! म्हणजे गाडीचा साचा आपल्याला अडवणारा नव्हता.

१९४८ मध्ये बजाजांनी व्हेस्पा आयात करायला सुरुवात केली आणि १९६० च्या सुमारास पियाजिओच्या परवान्याने ती पुण्याजवळ बनू लागली. पण परवाना राज होते. किती गाड्या काढायच्या हे सरकार ठरवायचे, त्यामुळे नंबर लावून आठ-आठ, दहा-दहा वर्षे वाट बघावी लागे. परदेशातून डॉलर आले तर गाडी लवकर. लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे स्कूटर मागत, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ऐकले असेल, काहींच्या वडिलांनी दिलीही असेल. वडिलांच्या पैशाने आलेल्या त्या स्कूटरवर मुलगी बसायची मागे, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पोर घेऊन.

गिअर डाव्या हाताच्या मुठीत, किक उजव्या पायाने, इंजिनाचे वजन एका अंगाला. चालू होत नसेल तर गाडी तिरकी करून मग किक मारायची. साडी नेसून आणि पदर डोक्यावर घेऊन हे करून बघा! गंमत अशी की मागे बसणाऱ्या बाईचा विचार मात्र कायद्यानेही केला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ वा नियम आहे. दुचाकीला मागच्या माणसासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागचे चाक निदान अर्धे झाकलेले हवे, म्हणजे कपडे अडकणार नाहीत. तोच आपला साडी गार्ड. शोरूममध्ये बसवून मिळतो तो जाळीचा तुकडा मी किती वर्षे नुसता बघत होते. तो कायद्यात आहे हे आत्ता, लायसन्सचा अभ्यास करताना कळले.

आता माझ्या माहेरच्या गोष्टीकडे येते. माझे माहेर नगर. (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येते, सवय जायला वेळ लागेल.) कुंदनमलजी फिरोदिया हे नगरचे, आपल्या समाजातले, स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे चिरंजीव हस्तीमलजी यांनी कायनेटिक इंजिनिअरिंग काढली आणि १९७२ मध्ये लूना आली. मूळ आराखडा पुन्हा पियाजिओचाच, 'चाव' नावाच्या मोपेडचा. पन्नास सीसीचे इंजिन, गिअर नाही, वजन हलके. स्टँडवर लावून पायडल मारले की चालू. पेट्रोल संपले तर सायकलसारखी पायडल मारत घरी. पुढच्याच वर्षी जगभर तेलाची टंचाई आली, पेट्रोल भडकले, आणि थोड्या पेट्रोलवर चालणारी ही गाडी शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, सगळ्यांना परवडली. 'चल मेरी लूना' ही जाहिरात तुम्हाला पाठ असेलच.

माझ्या वडिलांनी भावासाठी लूना घेतली. मी तेव्हा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते. भावाने आठ दिवसांत शिकवले. दोन वर्षे मी कॉलेजला लूनावर गेले, मागे मैत्रीण बसवून. पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचे ते माप मला अजून आठवते. बाबा फक्त एकच म्हणायचे, "दिवेलागणीच्या आत घरी ये." चौविहाराचे घर, तसेही सूर्यास्ताच्या आत ताटावर बसायचेच असे.

१९८५ मध्ये लग्न होऊन बीडला आले. सासरी कापडाचे दुकान, एकत्र कुटुंब, बारा माणसे. एकदा उत्साहात सांगून गेले, "मला लूना येते." सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "बींदणी, आपल्या घरात सुना गाडी चालवत नाहीत." रागावल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. विषय तिथे संपला, तो अडतीस वर्षे. आज विचार करते तेव्हा वाटते, त्यांना गावाची भीती असेल. त्या निजामाच्या राजवटीत जन्मल्या होत्या, बीडसुद्धा १९४८ पर्यंत निजामाकडेच होते. पोरीबाळींना घरात ठेवणे म्हणजे जपणे, हेच त्यांनी पाहिले होते. तरी राग येतोच. दोन्ही खरे आहे.

त्या अडतीस वर्षांत बाहेर काय काय झाले बघा. १९८४ मध्येच कायनेटिक होंडा आली होती. बटण दाबले की चालू, गिअर नाही. किकची कटकट गेली. पुण्यातल्या माझ्या मावसबहिणी तोंडाला ओढणी बांधून तिच्यावर फिरायला लागल्या. नव्वदच्या दशकात सनी आली, स्कूटी आली, मग २००१ मध्ये ॲक्टिवा. तिकडे तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ मध्ये साक्षरता मोहिमेत हजारो गरीब बायकांना सायकल शिकवली गेली. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकलींसाठी कर्जाची सोय केली. बायका पाणी, पोरे, बाजार, सगळे सायकलवर न्यायला लागल्या. शेतात मजुरी करणाऱ्या बायका तिकडे सायकल शिकत होत्या आणि मी, बी.कॉम. झालेली, इकडे दहीहंडीला न्यायचे तरी कुणी मोकळे आहे का ते विचारत बसे. आमच्या घरातल्या मुलींनी पुढे स्कूटी चालवली. त्यांना कुणी काही म्हटले नाही, सासूबाईंनीही नाही. नातीला त्या उलट विचारायच्या, "पेट्रोल आहे ना गं?"

विजेच्या गाडीबद्दल एक जुनी गोष्ट वाचली ती सांगते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत विजेच्या मोटारी पुष्कळ होत्या आणि कंपन्या त्या बायकांनाच विकू बघत. कारण पेट्रोलची गाडी चालू करायला पुढे जाऊन लोखंडी हँडल जोर लावून फिरवावे लागे, हात मोडायची भीती. विजेच्या गाडीला ते नको. हेन्री फोर्ड स्वतः पेट्रोलच्या मोटारींचा राजा, पण त्याची बायको क्लारा विजेची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची! मग १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये बटणाने चालू होणारे स्टार्टर आले, पेट्रोलही स्वस्त झाले, आणि विजेच्या गाड्या मागे पडल्या. आपल्याकडे किक गेली आणि कायनेटिक होंडा आली तेव्हा जे झाले, तेच तिकडे सत्तर वर्षे आधी झाले होते.

आपल्याकडे विजेच्या स्कूटरला जोर आला तो २०१९ नंतर, केंद्राच्या फेम योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात अनुदान मिळू लागल्यावर. २०२० मध्ये चेतक विजेवर आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ई-लूना आली, आणि ती आणली हस्तीमलजींच्या नातीने, सुलज्जा फिरोदिया मोटवानी यांनी. आजोबांची लूना नातीने विजेवर आणली, याचा मला माहेरवाशीण म्हणून फार आनंद झाला. मी घेतलेली गाडी मात्र दुसरी आहे. कोणती ते लिहीत नाही, नाहीतर जाहिरात वाटेल.

गाडी घ्यायची वेळ आली ती आनंदाने आली नाही. २०२३ मध्ये आमच्या ह्यांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली सांभाळायची. समोरचे दिसते, बाजूचे दिसत नाही. एकदा सुभाष रोडवर बाजूने आलेला सायकलवाला ह्यांना दिसलाच नाही, थोडक्यात निभावले. त्या दिवशी ह्यांनी स्कूटरची चावी खुंटीला टांगली आणि पुन्हा काढली नाही. मुलगा पुण्याला, मुलगी संभाजीनगरला. घरात आम्ही दोघेच. स्थानक, दवाखाना, भाजी, दुकान, सगळे रिक्षावर आले. ह्यांनी स्थानकात जाणे कमी केले. "रिक्षासाठी कुठे थांबत बसायचं," म्हणायचे. खरे कारण मला माहीत होते.

मी लायसन्स काढायचे ठरवले. नगरचे जुने कधीच बाद झालेले. चाळिशीनंतर डॉक्टरचा फॉर्म १-अ लागतो. आणि पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच वर्षांचेच मिळते, मग पुन्हा नवीन करायचे. परीक्षेला माझ्या दोन्ही बाजूंना अठरा वर्षांची पोरे. एकाने विचारले, "आजी, कुणाला घेऊन आलात?" खुणांच्या परीक्षेत मी पास झाले, तो नापास. (मनात आनंद झाला, त्याबद्दल प्रतिक्रमणात क्षमा मागितली.) ज्यांना लायसन्सची दगदग नको त्यांच्यासाठी कमी वेगाच्या गाड्या असतात. ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग आणि २५० वॅटपर्यंतची मोटर असेल तर लायसन्स आणि नोंदणी लागत नाही. पण चढावर दोघांना घेऊन त्या दमतात.

आता हिशेब, कारण तो तुम्ही विचारणारच. ह्यांची पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर द्यायची. पेट्रोल १०५ रुपये धरले तर किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या वर. माझी गाडी तीन युनिटांत ऐंशी किलोमीटर जाते. युनिट दहा रुपये धरा, किलोमीटरला ३७-३८ पैसे. ऐकायला छान वाटते. पण माझे महिन्याचे फिरणे अडीचशे किलोमीटर. महिन्याला बचत पाचशेच्या आत, आठ वर्षांत पंचेचाळीस-सत्तेचाळीस हजार. तेवढ्यात बॅटरी बदलायची वेळ येईल आणि बचत तिच्यातच जाईल. रोज चाळीस किलोमीटर जाणाऱ्याला फायदा आहे. आपल्यासारखीला पेट्रोलच्या मानाने फारसा नाही, हे स्पष्ट सांगते. माझी तुलना पेट्रोलशी नाहीच, रिक्षाशी आहे. एका फेरीला चाळीस-पन्नास रुपये, महिन्याला दोन हजार कुठे गेले कळत नसे. आणि रिक्षाच्या कंटाळ्याने ज्या दिवशी गेलोच नाही, ते दिवस कोणत्या खात्यावर लिहायचे, हे मला कॉमर्सने शिकवले नाही.

दुसरा प्रश्न अहिंसेचा. एक भाभी म्हणाल्या, "विजेची गाडी म्हणजे पाप कमी." धूर आपल्या गल्लीत निघत नाही हे खरे. पण वीज येते कुठून? आपल्याच जिल्ह्यात परळीचे औष्णिक वीज केंद्र आहे. १९७१ पासून तिथे कोळसा जळतो. जुने संच बंद झाले, आज अडीचशे मेगावॅटचे तीन आहेत. २०१५ च्या दुष्काळात पाणी नव्हते म्हणून ते केंद्रच बंद ठेवावे लागले होते. परळीच्या बाईला विचारा, वाळत घातलेल्या धुण्यावर राख कशी बसते. माझ्या गाडीचा थोडा धूर तिच्या अंगणात जातो, असा माझा समज आहे. म्हणून गाडी आली तरी मी नियमात दोनच वाहने ठेवते आणि स्थानक जवळ असेल त्या दिवशी चालत जाते, गुडघा साथ देईल तोवर. साधू-साध्वी अनवाणी विहार करत बीडला येतात, त्यांच्यासमोर मी गाडीचे कौतुक ते किती करावे?

आता पडले ती गोष्ट. गाडी येऊन दीड महिना झाला होता. बार्शी नाक्याकडून येताना वळणावर कुत्रे आडवे आले. मी घाबरून ब्रेक दाबला, पण उजव्या हाताने रेस पिळलेलीच राहिली. विजेच्या गाडीत रेस दिली की त्याच क्षणी गाडी उसळते, लूनासारखी फटफटत वेग घेत नाही. मी वाळूत आडवी. मनगटाला बारीक फ्रॅक्चर, तीन आठवडे प्लास्टर. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. (अंबाडा खाली घालायचा, म्हणजे हेल्मेट बसते.) मुलाचा फोन आला, "आई, विकून टाक. पैसे मी देतो, रिक्षा लावून घे." सून म्हणाली, "मम्मी, पुन्हा नको." सगळ्यांचे प्रेमच होते. सासूबाईंचेही तेव्हा प्रेमच असणार.

हे काही बोलले नव्हते. गाडी आल्यापासून ते एकदाही मागे बसले नव्हते. मी स्कूटरवर आणि हे रिक्षात, असे आम्ही एका लग्नालाही गेलो होतो! प्लास्टर निघाले त्याच्या चौथ्या दिवशी पाखी होती. संध्याकाळी प्रतिक्रमणाला निघाले तर हे दारात उभे, हातात हेल्मेट. म्हणाले, "मी बसतो मागे. समोरचं मला नीट दिसतं. बाजूचं तेवढं तू बघ."

तेव्हापासून असेच चालते. मी आरशात बघते, हे मागून सांगतात, "खड्डा आहे", "गतिरोधक आला", "हॉर्न दे". हॉर्न जरा जास्तच द्यायला लावतात, पण या गाडीला आवाज नाही, चालणाऱ्याला मागून कळत नाही, म्हणून मीही देते. पहिल्या दिवशी मोंढ्यातल्या ओळखीच्या व्यापाऱ्याने हाक मारली, "काय शेठ, मागे?" ह्यांनी हात हलवला, बोलले काहीच नाही. मी वेग थोडा वाढवला. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून नगरला रेल्वे सुरू झाली. नंतर एके दिवशी आम्ही दोघे स्टेशनपर्यंत गाडीवर गेलो आणि तिथून रेल्वेने माझ्या माहेरी. सत्तर वर्षांचा माझा भाऊ नगर स्टेशनवर घ्यायला आला होता. त्याने पहिला प्रश्न विचारला, "ऑइल किती टाकतेस?" आम्ही दोघे कितीतरी वेळ हसत होतो.

आता माझी धाकटी जाऊ मागे लागली आहे. ती अठ्ठावन्न वर्षांची, सायकलसुद्धा कधी चालवली नाही. "भाभी, मला जमेल का?" रोज विचारते. पर्युषण झाल्यावर सुरुवात केली. सकाळी सामायिक करून साडेसहाला मैदानावर जातो, तेव्हा तिथे फक्त चालणारे म्हातारे असतात. पहिले चार दिवस चावी बंद ठेवून गाडी नुसती ढकलायची, स्टँडवर लावायची, काढायची. मग दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढ्याच वेगाने. गाडी हलवताना चावी बंदच हवी, हे तिला मी दहा वेळा सांगितले, तुम्हालाही सांगते, कारण घाबरून धरायला गेले की हात रेसवरच जातो. काल तिने मैदानाची एक पूर्ण फेरी मारली. उतरल्यावर म्हणाली, "भाभी, माझा पदर कुठंय?" पदर खांद्यावर होता, तिला कळलेच नव्हते.

आणखी कुणाला शिकायचे असेल तर साडेसहाला या. चार्जिंग रात्रीच करून ठेवते.

लिहिण्यात काही चुकले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.